खोलीतला खर्ज

मुंबईत खारदांड्याच्या कोळीवाड्यात एक गल्ली आहे. दोन्ही हात पसरले की बोटं दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात. तिथे माझ्या एका मित्राचं घर आहे. खाली एकच खोली, तिच्यातच मागे ओटा आणि मोरी, वर माळा. पुढे टेप लावून मोजली तेव्हा खोली भरली १२ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. या खोलीत त्याने दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक आठ इंची सबवूफर आणून मांडला आणि आठवड्याभरात मला फोन केला. "बेस येतच नाही रे. नुसतं घुमतंय, ठोका लागत नाही. मोठा सब घेऊ का?"

मी गेलो. टीव्हीच्या भिंतीला स्पीकर, खोलीच्या बरोबर मध्ये सोफा, सोफ्यामागे जायला यायला वाट आणि मागच्या भिंतीला ओटा. त्याने ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं. ताशा कडकडत होता, ढोल मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यावर थापट्या माराव्यात तसा. "बघ," तो म्हणाला आणि आवाज वाढवला. तेवढ्यात ओट्यापाशी बोंबील साफ करत बसलेल्या त्याच्या आई वैतागून म्हणाल्या, "अजून किती वाढवतोस? इथं माझ्या छातीत धडधडतंय!"

मित्राने ते कानाआड केलं. मला वाटतं, त्या दिवशी त्या खोलीत जे काही बोललं गेलं त्यात एवढंच एक वाक्य शास्त्रशुद्ध होतं. एकाच खोलीत, एकाच वेळी, सोफ्यावर बेस नाही आणि सहा फुटांवरच्या ओट्याशी छाती धडधडते. तर मग बेस येत नाही असं कसं म्हणायचं? येत होता. मित्राच्या आईकडे, म्हणजे मावशींकडे, जात होता.

हे का होतं ते समजायला आधी बेस म्हणजे केवढी लांबलचक वस्तू आहे ते पाहू. मुंबईच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४८ मीटर, म्हणजे सुमारे ११४० फूट जातो. त्याला कंपनांच्या संख्येने भागलं की लाटेची लांबी मिळते. ताशाच्या कडकडाटात ३००० हर्ट्झची जी कंपनं असतात त्यांची लाट जेमतेम साडेचार इंचांची. ४० हर्ट्झच्या ठोक्याची लाट साडेअठ्ठावीस फुटांची. म्हणजे १२ फुटांच्या खोलीत ती अख्खी मावतसुद्धा नाही. ती भिंतीवर आपटते, परत फिरते, येणाऱ्या लाटेला भेटते, आणि खोलीच्या मापाशी जुळणाऱ्या काही ठरावीक सुरांना या दोघींच्या भेटीतून एक जागच्या जागी डोलणारी लाट उभी राहते. त्यातल्या सगळ्यात खालच्या सुराच्या लाटेत भिंतींपाशी हवेचा दाब सतत जोरात कमीजास्त होतो आणि मध्यावर जवळपास काहीच होत नाही. कानाला दाबातला बदलच ऐकू येतो. मध्यावर बसलेल्याला म्हणून शांतता, भिंतीपाशी बसलेल्याला धडधड.

आपल्या खोलीचे हे सूर काढायला गणित सोपं आहे. ५७० ला खोलीच्या फुटांनी भागा. १२ फुटांना साडेसत्तेचाळीस हर्ट्झ, १० फुटांना ५७, ९ फुटांच्या उंचीला ६३. मित्राचा सोफा १२ फुटांच्या बरोबर मध्यावर होता, म्हणजे साडेसत्तेचाळीस हर्ट्झच्या ठोक्याला तिथे कान असून नसल्यासारखेच. पण त्याच लांबीत दुप्पट सूर, ९५ हर्ट्झ, हाही उभा राहतो आणि त्याचा जोर मध्यावर पुरेपूर असतो. "घुमतंय, पण ठोका लागत नाही" ही मित्राची तक्रार आता पुन्हा वाचा. घुमणारे ते ९५, न लागणारे ते ४७. रोगाचं वर्णन त्याने अचूक केलं होतं, फक्त औषध चुकीच्या दुकानातून आणायला निघाला होता.

खोली चौरस असेल, दहा बाय दहा, तर दोन्ही भिंतींचे सूर एकमेकांवर येऊन बसतात आणि तो एकच सूर वेड्यासारखा फुगतो. मुंबईत दहा बाय दहाच्या खोल्या किती आहेत हे मी सांगायला नको.

आम्ही सोफा ओट्याच्या दिशेने दोन फूट सरकवला. आता मागची भिंत चार फुटांवर, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांशावर आली. तिथे ४७ आणि ९५ या दोन्ही सुरांचा वाटा सारखा, निम्मा निम्मा पडतो. ढोल लगेच ढोलासारखा वाजायला लागला. खर्च शून्य. मावशींची जायची वाट मात्र अरुंद झाली.

बेसला मराठीत आपला शब्द आहे, खर्ज. तो नुसता जाड आवाज नव्हे, खाली नेलेला षड्ज आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मधला सा १३९ हर्ट्झच्या जवळ असतो, त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज ११७ च्या आसपास. म्हणजे आपल्या बैठकीच्या संगीतातला सगळा खर्ज साठ-सत्तर हर्ट्झच्या वरच भेटतो. त्याखाली उतरतात ते मोठे ढोल, डीजेची गाणी आणि सिनेमातले स्फोट. ज्याला शास्त्रीय गाणं आणि नाट्यगीतंच ऐकायची आहेत त्याला सबवूफर लागतो असं मला वाटत नाही. साडेसहा इंची वूफरची चांगली जोडी, नीट मांडलेली, पुरते.

मग मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावून रियाज करणाऱ्यांना खर्ज कसा ऐकू येतो? मोबाइलचा नखाएवढा स्पीकर ६९ हर्ट्झ काढूच शकत नाही. ही मेंदूची करामत. ६९ च्या तारेत १३८, २०७, २७६ अशी तिची वरची पिल्लंही वाजत असतात. पिल्लं सारख्या अंतराने चालताना दिसली की आई पुढे असणार असं मेंदू धरून चालतो आणि नसलेला खर्ज ऐकवतो. सूर कळतो, पण छातीला लागत नाही. छातीला लागायला हवा खरोखर हलावी लागते.

हवा हलवणं हे कष्टाचं काम आहे. तोच आवाज तेवढ्याच जोराने एक सप्तक खाली काढायचा, १०० हर्ट्झऐवजी ५० ला, तर स्पीकरच्या कोनला चौपट आत-बाहेर करावं लागतं. चार इंची कोन तेवढा हलू शकत नाही. म्हणून मोठा वूफर. मोठा वूफर म्हणजे मोठी पेटी. अमेरिकेत १९५७ साली निघालेल्या केएलएच या कंपनीच्या नावातला शेवटचा 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन, नामांकित पियानोवादकाचा मुलगा. त्याच्या नावाने एक नियम या धंद्यात चालतो: पेटी लहान, बेस खोल आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या कुठल्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतील. जाहिरातीत तिन्ही मिळतात. एके काळी आपल्याकडे टूइनवनच्या खोक्यांवर हजारो वॅट पीएमपीओ छापलेले असायचे. तो आकडा विसरा, खोक्यावर आरएमएस वॅट शोधा, आणि तो आकडा छोटा दिसला तर घाबरू नका.

कारण वॅट फुकटही मिळतात. स्पीकरजवळची प्रत्येक मोठी पक्की भिंत बेसमध्ये जास्तीत जास्त ६ डेसिबलची भर घालते, आणि ६ डेसिबल म्हणजे चौपट वॅट. जमीन धरली, मागची भिंत धरली, कोपरा धरला की भर वाढतच जाते. उघड्या अंगणात जमीन सोडली तर यातलं काहीच नसतं. म्हणूनच हळदीला अंगणात बेंजो पार्टी वाजते तेव्हा बुलबुलतरंगाची चिरचिर दूरवर पोचते, पण खालचा ठोका नेटाने हवा असेल तर अठरा इंची वूफरच्या पेट्या एकमेकींवर रचाव्या लागतात. परदेशी मासिकांत स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा असं हमखास लिहिलेलं असतं. त्यांचे दिवाणखाने तेवढे असतात. आपल्या खोलीत तीन फूट पुढे ओढला तर मागच्या भिंतीवरून परतणारी लाट ९५ हर्ट्झच्या आसपास पुढच्या लाटेला नेमकी खोडून काढते, शिवाय त्या तीन फुटांत माणसांनी कुठे बसायचं हा प्रश्न उरतोच. आमच्या मापाच्या खोल्यांत स्पीकर भिंतीला जवळपास चिकटवावा, चार बोटं जागा सोडून. घुम वाढली तर थोडं मागेपुढे करावं.

काही हलवण्याआधी मात्र वायरी पाहाव्यात. मित्राकडेही मी सोफ्याच्या आधी तेच केलं. अॅम्प्लिफायरच्या आणि स्पीकरच्या लाल-काळ्या जागा जुळल्या आहेत का? एका स्पीकरची वायर उलटी लागली की एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गाणारा माणूस समोर न राहता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो, ही त्याची खूण. जुन्या स्पीकरवर लाल-काळं पुसलं गेलं असेल तर अॅम्प्लिफायरची वायर काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर स्पीकरच्या टोकांना टेकवा. कोन बाहेर उडी मारेल तेव्हा सेलचं अधिक टोक ज्याला लागलं आहे ते लाल. क्षणभरच, धरून ठेवू नका.

दांड्यासारख्या दर्याकाठच्या वस्तीत आणखी एक भानगड असते. खारी हवा तांब्याच्या वायरीची टोकं हिरवी-काळी करते. वर्षातून एकदा अर्धा इंच कापून, सोलून, पुन्हा पिळून लावलेली बरी. आणि वूफरच्या कडेची ती मऊ रिंग बघा. फोमची असेल तर दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. कोन मग कडेला घासत फडफडतो आणि आपण अॅम्प्लिफायरला दोष देतो. चोर बाजारातून जुनी जोडी आणणाऱ्याने जाळी काढून त्या फोमवर अलगद बोट टेकवून पाहावं. बोटाला काळी पूड लागली तर भाव पाडून घ्यावा. रिंग बदलून मिळते, पण ते पैसे कोणी भरायचे हे दुकानातच ठरलेलं बरं. रबरी रिंग या हवेत कितीतरी जास्त टिकते.

तबकडीवाल्यांसाठी एक ओळ. एलपीवर खोबणी माफक राहावी म्हणून बेस मुद्दाम कमी करून कोरतात आणि वाजवताना तेवढाच परत वाढवतात. हे प्रमाण १९५४ साली अमेरिकेतल्या आरआयएएने ठरवून दिलं, २० हर्ट्झला ते जवळजवळ २० डेसिबल असतं. टर्नटेबल फोनोऐवजी ऑक्सच्या भोकात खुपसलं तर ही परतफेड होत नाही आणि आवाज कागदासारखा पातळ येतो.

आता सबवूफर. त्याची जागा शोधायची जी रीत आहे ती चारचौघांत करण्याजोगी नाही. सब जिथे ठेवायचा तिथून सुरुवात करायची नसते, आपण जिथे बसतो तिथून करायची. सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, एखादी सारखी चालणारी बेसची लकेर लावायची, आणि आपण कान जमिनीजवळ नेऊन भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे बेस भरीव आणि एकसारखा लागेल, एखादाच सूर फुगणार नाही, तिथे सब ठेवायचा. बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जागा अदलाबदल केली तरी त्या दोन जागांमधला ध्वनीचा प्रवास तोच राहतो, एवढ्या एका तत्त्वावर हे चालतं. लॉर्ड रॅले याने ते एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलं आहे.

मी ओणवा होऊन टीव्हीखालून निघालो. टीव्हीच्या मागचा कोपरा: घुम, नुसती घुम. दाराजवळ: काहीच नाही, बेस दारातून गल्लीत चालला होता. पलंगाच्या पायाशी बरा. रांगत रांगत मी ओट्याखाली पोचलो तेव्हा मावशींनी पाय वर घेतले. "काय रे पोरा, उंदीर घुसला काय?"

"नाही मावशी, बेस शोधतोय."

"तो तर मी मघाशीच सांगितला ना, कुठं आहे तो."

खरंच ओट्याच्या टोकाला, तांदळाच्या डब्यापासून हातभर अलीकडे, बेस छान गोल आणि समान लागत होता. सब तिथे गेला. क्रॉसओव्हरचं बटण, म्हणजे सबने कुठपर्यंतचे सूर वाजवायचे ते, ८० हर्ट्झवर ठेवलं. त्याखालचे सूर कुठल्या दिशेने येतात ते कानाला ओळखता येत नाही, म्हणून सब मागच्या बाजूला असूनही ढोल टीव्हीच्या भिंतीकडूनच आल्यासारखा वाटतो. सबच्या मागे ० आणि १८० असा एक फेजचा खटका असतो. दोन्हीकडे करून बघायचं, ज्यात ठोका जास्त भरेल ते ठेवायचं. त्यात शास्त्र आहे, पण वापरायला ते लागत नाही.

सबच्या मागे एक भोक होतं, नळीसारखं. लोकांना वाटतं ते हवा यायला-जायला आहे. ते कसं काम करतं हे गोव्यातल्या किंवा इथल्या ईस्ट इंडियन घरातल्या माणसाला मी घुमट दाखवून सांगतो. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं ताणलेलं, दुसरं लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या तळहाताने ते उघडं तोंड झाकत-उघडत राहायचं, की आवाज खालीवर घुमतो. (पूर्वी घोरपडीचं कातडं असे. आता तो प्राणी संरक्षित असल्याने बकरीचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला.) मडक्यातली हवा ही स्प्रिंग आणि तोंडातली हवा हे त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. दोघांचा मिळून एक स्वतःचा सूर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की निघतो तोच. सबच्या पेटीतही तेच. कोनच्या मागची जी हवा एरवी पेटीत वाया जाते, ती नळीतून ठरावीक सुराला बाहेर काढून कोनला मदतीला लावतात. बेल लॅबमधल्या थुरास नावाच्या इंजिनिअरला याचं पेटंट १९३२ साली मिळालं. मातीच्या घुमटाला कोणी पेटंट मागितलं नाही.

घुमटवाला तळहात वापरतो, तुम्ही मोजा वापरा. बेस फारच घुमत असेल तर एक मोजा गुंडाळून नळीत सारा. बेसचा खोलपणा कमी होतो, पण आवाज आवरतो. जाळी नसलेल्या नळीत झुरळं बिऱ्हाड करतात, हाही मोज्याचा एक फायदा.

घुम कमी करायला अंड्याचे ट्रे भिंतीला लावणाऱ्यांनी मात्र ते परत करावेत. पडदा, गालिचा, ट्रे हे वरच्या सुरांना पितात. ५० हर्ट्झच्या लाटेचा पाव भाग पावणेसहा फुटांचा आहे, अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याला तिला जुमानता येत नाही. कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली जाडजूड कापसाची गादी थोडं काम करते. सगळ्यात चांगली शोषक वस्तू म्हणजे उघडी खिडकी, तिच्यातून गेलेली लाट परत येत नाही. दारापाशी मला बेस लागला नाही तो म्हणूनच. घुम सोसवत नसेल तर खिडकी उघडा, ठोका हवा असेल तर बंद करा. शेजाऱ्यांचं मत विचारून.

शेजाऱ्यांचं म्हणजे कायद्याचंही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण ही मापं 'ए' भाराच्या डेसिबलमध्ये आहेत, म्हणजे कानाला जे सूर कमी जाणवतात ते मोजमापातही कमी धरलेले. ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा होतात. मीटर गप्प आणि शेजारच्या घरात फळीवरचे डबे थरथरतायत, हे त्यामुळे शक्य आहे. भिंत पातळ असली की बेस तिला जुमानत नाही. सबखाली जाड रबराचा तुकडा टाकला तर जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी होत नाही. रात्री आवाज बारीक केला की बेस आधी नाहीसा होतो, कारण हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना बहिरा असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी ते १९३३ साली मोजलं. जुन्या अॅम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस' बटण त्यासाठीच असतं. रात्री दाबा, सकाळी आठवणीने काढा.

शेवटी आम्ही मोबाइलवरून ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावला आणि खोलीत काय काय वाजतंय ते शोधलं. ३८ ला लोखंडी कपाटाचं दार. ५२ ला पंख्याची वाटी. ६३ ला, म्हणजे उंचीच्या सुराला, माळ्यावरची स्टीलची परात. कपाटाच्या दारात कागदाची घडी, परातीखाली फडकं. मित्र खूष झाला, मोठा सब घ्यायचा राहिला.

मावशी इतका वेळ पाहत होत्या. हात धुऊन त्या सबपाशी आल्या, पायाने तो थोडा ढकलून पाहिला. "इथं माझी मासळीची पाटी असते," त्या म्हणाल्या. मित्र माझ्याकडे बघायला लागला. मी पुन्हा ओणवा झालो. पाटी जिथे होती त्याच्या पलीकडे, मोरीच्या कठड्याला लागून, बेस साधारण तसाच होता, फक्त ५७ ला थोडा फुगत होता. तिथे पाणी उडण्याची भीती होती म्हणून खाली दोन विटा घातल्या.